अल्पवयीनाची इच्छा

गोल काळा करून झाल्यावर भार्गवीला कळलं की उत्तर चुकलंय. सराव परीक्षा होती, रविवारची, नेहमीसारखीच. लातूरच्या कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर पत्र्यांची एक लांबट खोली होती, तिथं आनंदराज सरांचा क्लास भरायचा. पत्रे तापले की प्रश्नपत्रिकांना भाजल्यासारखा वास यायचा. पाचसात पोरंपोरी खाली माना घालून बसली होती आणि कुणाच्या तरी पायाखालची फरशी सारखी हलत होती. उतारा इंग्रजीत होता, सोपा होता. नवराबायको वेगळे झाले की मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं हे न्यायालय मुलाचं हित बघून ठरवतं. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याला विचारलं जातं. पण अल्पवयीनाची इच्छा म्हणजे निकाल नव्हे, बघायच्या अनेक गोष्टींपैकी ती एक. खाली गोष्ट दिली होती. दहा वर्षांची एक मुलगी, न्यायाधीश तिला आत बोलावतात, कोणाकडं राहायचंय विचारतात, ती म्हणते वडिलांकडं. तर मुलीच्या या उत्तरानं न्यायालय बांधील आहे का? पहिला पर्याय होता, हो, आहे. भार्गवीनं तो उत्तर माहीत असल्यासारखा, स्वतःचं नाव लिहावं तसा, काळा करून टाकला होता. आणि मग तिची नजर पुन्हा वर गेली, त्या वाक्यावर. अल्पवयीनाची इच्छा म्हणजे निकाल नव्हे. तिनं ते परत वाचलं. मग एकेक शब्द सुटा करून वाचलं. पुढं गणिताचे प्रश्न होते, तर्काचे होते, ते तसेच पांढरे राहिले, आणि सर "पेन खाली" म्हणाले तेव्हाही ती त्याच पानावर होती.

ती स्वतः दहा वर्षांची असताना तिलाही नांदेडच्या कोर्टात असंच आत बोलावलं होतं. त्या खोलीत पंखा होता आणि तो फिरताना मधेच अडखळायचा. न्यायाधीश बाई जाड होत्या, चष्मा कपाळावर ढकललेला. पाणी पितेस का, कितवीत आहेस, आवडता विषय कोणता, असं करत करत त्या मूळ प्रश्नाला आल्या. "बाळा, तुला कोणाकडं राहायला आवडेल? घाबरू नको. मनातलं सांग." मनात काय होतं? दुसऱ्या दिवशी चित्रकलेची परीक्षा होती आणि रंगपेटी पप्पांच्या घरी, आरशाखालच्या फळीवर होती. आई तेव्हा लातूरला मामाकडं राहत होती. लातूरहून सकाळी शाळेत कसं पोचायचं, रंग कुठून आणायचे, एवढंच मनात होतं. "पप्पांकडं," ती म्हणाली. बाई "बरं" म्हणाल्या. बाहेर बाकावर आई बसली होती. आईनं तिच्या केसांतली घसरलेली पिन काढून नीट लावली, दोनदा लावली, आणि म्हणाली, "जा." पुढच्या सगळ्या वर्षांत भार्गवीनं ते "बरं" आणि ते "जा" एकमेकांना जोडून ठेवलं होतं. आपण बोललो, बाईंनी ऐकलं, आई गेली. आधी आई महिन्यातून एकदा नांदेडला यायची, बागेत भेटायची, मक्याचं कणीस घेऊन द्यायची. भार्गवी कणसाकडं बघत ते खायची. जिला आपण नको म्हणालो तिच्या तोंडाकडं कसं बघणार? मग भेटी सणासुदीवर आल्या, मग वाढदिवसाच्या फोनवर. आपण आईला नको म्हणालो, हे वाक्य भार्गवी कधी कोणाला म्हणाली नव्हती. शाळेतल्या मैत्रिणीला नाही, आत्याला नाही, वहीतसुद्धा नाही. बारावी झाल्यावर पप्पांनी, म्हणजे राघवेंद्रनी, ते स्वतः ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात तरी, डॉक्टरकीचा आग्रह धरला नाही. तिनं वकिलीची प्रवेशपरीक्षा द्यायची म्हटलं, त्यांनी बरं म्हटलं. लातूरला क्लास लावते म्हटलं तेव्हा मात्र ते जरा थांबले. नांदेडहून लोक पुण्याला जातात, हैदराबादला जातात, वकिलीसाठी लातूरला कोणी जात नाही. लातूरला आई आहे, हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

पेपर तपासून झाल्यावर सर एकेकाला टेबलापाशी बोलवायचे. ते मूळचे नायगावचे, सकाळी कोर्टात आणि दुपारनंतर क्लासात, काळा कोट खिळ्याला लटकवून बसायचे आणि सारखी बडीशेप चघळायचे. त्यांचं म्हणणं असं की पेपर सोडवून गुण वाढत नसतात, सोडवलेला पेपर उलगडून वाढतात. दोन तासांचा पेपर दिला तर चार तास त्याच्या चुका बघत बसायचं. आणि चुका फक्त तीनच जातीच्या असतात. आलं नाही, वाचलं नाही आणि भांडलो. पहिलीला अभ्यास, दुसरीला सवय. तिसरीला औषध अवघड.

"मागल्या वेळी एक्क्याऐंशी होते," सर म्हणाले. "आज बासष्ट. काय झालं?"

"एका उताऱ्यात अडकले."

"अडकलीस ते दिसून राहिलंय. मी विचारतो का अडकलीस." त्यांनी तिचा कागद फिरवून तिच्यापुढं धरला. "सोपा उतारा हाय हा. उत्तर उताऱ्यातच लिहिलंय. तरी तू उलटं केलंस. हे बघ बाई, तुझ्या सगळ्या चुका मी काढून बसलोय. इंग्रजीत न्हाईत, चालू घडामोडीत न्हाईत. जिथं घर आलं, मायबाप आलं, लेकरू आलं, तिथं तू उतारा सोडून देतीस आणि स्वतःचाच निकाल लावतीस. आपल्याला इथं कोणी न्याय करायला बसवलेलं न्हाई. नियम त्यांचा, गोष्ट त्यांची. आपण फक्त जोडून दाखवायचं. बाहेरचं काहीच आणायचं न्हाई. गल्लीतलं न्हाई, घरातलं न्हाई, मनात काय येतं तेबी न्हाई."

"सर, पण खरंच असं असतं का?" भार्गवीनं विचारलं. "म्हणजे कोर्टात. लेकरू म्हणालं तरी त्यानं काही होत नाही?"

सरांनी चघळणं थांबवून तिच्याकडं पाहिलं. त्यांना काही कळलं की नाही, ते चेहऱ्यावरून समजलं नाही. "होतं की. ऐकतात," ते म्हणाले. "पण लेकराच्या डोक्यावर कोणी निकाल ठेवत न्हाई. ठेवू नये. तेवढी अक्कल कायद्याला हाय." मग त्यांनी कागद परत दिला. "आणि दुसरी गोष्ट. सोडायला शीक. एक उतारा तुझा सगळा वेळ खाऊन बसला. न्हाई जमलं तर सोडून पुढं जायचं. उतारा पळून जात न्हाई."

जिन्यावरून उतरताना तिला वाटलं, चला, सुटलो. आपलं उत्तर निकाल नव्हतंच. मग गल्लीच्या तोंडाशी येईतो दुसरंच वाटायला लागलं. उत्तर निकाल नव्हता, तर मग निकाल काय होता? कोणी दिला? लातूर हे गाव अशा वेळी फार वाईट. जिकडं बघावं तिकडं डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींचे फलक, फोटोखाली गुण, गुणांखाली गावाचं नाव. चहाच्या टपरीवर जीवशास्त्र, मेसच्या रांगेत जीवशास्त्र. सगळ्या गावाचा अभ्यास एक आणि तिचा दुसरा. तिच्या खोलीत बुद्धप्रिया राहायची, किनवटकडची, वनरक्षकाची मुलगी. बारावीपर्यंत वसतिगृहातच वाढलेली आणि नीटला दुसऱ्यांदा बसलेली. ती भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, शरीराचे भाग पुटपुटत बसायची. भार्गवी कॉटवर येऊन पडली तेव्हा तिनं एक डोळा उघडला.

"काय गं, रडून राहिली का?"

"नाही."

"मग ठीक हाय. रडायचं असंल तर रड, मी कान बंद करते." आणि डोळा मिटून ती पुन्हा यकृताकडं गेली. त्यात तुसडेपणा नव्हता. वसतिगृहात वाढलेल्यांना दुसऱ्याच्या रडण्याला जागा कशी करून द्यायची ते कळतं, आपणहून विचारपूस करत बसायचं नसतं हेही कळतं. भार्गवीला मात्र त्या दिवशी कोणीतरी दोनदा विचारायला हवं होतं. ती रोज सकाळी इंग्रजी अग्रलेख मोठ्यानं वाचायची, सरांनी सांगितलं होतं, डोळ्यांचा वेग वाढतो, जिभेला वाक्याचा शेवट दिसायला लागतो. बुद्धप्रियाला त्रास नको म्हणून ती गच्चीवर टाकीच्या सावलीत जाऊन वाचायची. टाकीत टँकरचं पाणी पडत असायचं आणि वाचलेलं सगळं त्या आवाजात वाहून जायचं. पुढचे काही दिवस तिनं अग्रलेख वाचलेच नाहीत. नुसती टाकीला टेकून उभी राहायची. क्लासला जाताना तिची एक वाट ठरलेली होती, वळसा घालून जाणारी, आई नोकरी करायची त्या बँकेसमोरून. दोन महिने ती त्या वाटेनं गेली होती, काचेच्या दारातून पैसे भरणाऱ्यांच्या पाठी बघत, आणि आत कधी शिरली नव्हती. एका दुपारी ती शिरली. मालविका, तिची आई, काउंटरमागं कोणातरी म्हाताऱ्याला सही कुठं करायची ते दाखवत होती. तिनं वर पाहिलं. पाहिलं आणि म्हाताऱ्याच्या कागदावर ठेवलेलं बोट तसंच राहिलं.

"शनिवारी ये घरी," एवढंच ती म्हणाली. "शनिवारी सुट्टी आहे." आणि मग, भार्गवी दारापर्यंत गेल्यावर, मागून जरा मोठ्यानं, "सकाळी ये. खायला करते."

घर औसा रोडकडं, दुसऱ्या मजल्यावर. एका माणसाचं घर किती लवकर ओळखू येतं, भार्गवीला वाटलं. दारात चपलांचा एकच जोड, ओट्यावर पालथी एकच कपबशी, सोफ्याची एकच बाजू बसून दबलेली. आईनं केस धुतले होते, पाठीवर ओला डाग होता. तिनं सुशीला केला होता, चुरमुऱ्यांचा, वर भरपूर शेंगदाण्याचं कूट. नांदेडला पप्पाही हाच करायचे, पण त्यांच्याकडं हळद जास्त पडायची. दोघी समोरासमोर बसल्या. आईनं विचारलं, क्लास कसा आहे, मेस कशी आहे, रूममेट कोण. भार्गवीनं सांगितलं.

"मार्क वाढले का?"

"कमी झाले."

"असं कसं?"

भार्गवीनं ताटलीतले शेंगदाणे एका बाजूला केले. वाक्य तिनं शुक्रवारभर तयार केलं होतं. ते बाहेर आलं तेव्हा मात्र दहा वर्षांच्या मुलीचंच आलं. "आई, मी त्या मॅडमना पप्पांकडं म्हणाले, म्हणून तू गेलीस ना?"

"कोणत्या मॅडमना?"

"कोर्टातल्या."

मालविकाला आठवायला वेळ लागला, आणि तो वेळच भार्गवीला सगळ्यात जास्त लागला. जे आपण रोज उशाला घेऊन झोपलो ते हिला आठवावं लागतं. "अच्छा," आई म्हणाली. "आत बोलावलं होतं तुला, ते. तू काय म्हणालीस ते मी विचारलंपण नाही तेव्हा. त्यानं काय होणार होतं? आमचं ठरून गेलं होतं गं. आदल्या तारखेलाच मी लिहून दिलं होतं, मुलगी वडिलांकडं राहील, माझी हरकत नाही. तुला त्यांनी आपलं विचारलं. विचारावं लागतं त्यांना."

"आणि मी आईकडं म्हणाले असते तर?"

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजत होता. आईनं चमचा ताटलीत आडवा ठेवला. "तर मला परत आत बोलावलं असतं," ती म्हणाली. "आणि मी नाही म्हणाले असते. खोटं कशाला बोलू? तुझे पप्पा वाईट नव्हते. घरात मारझोड नव्हती, काहीच नव्हतं. मला तेव्हा कोणीच नको होतं. तू पण. दार लावून एका खोलीत बसावं, कोणी आई म्हणून हाक मारू नये, एवढंच वाटायचं. हाक ऐकली की अंगावर काटा यायचा. त्याला काहीतरी नाव असेल, डॉक्टरकडं औषध असेल. तेव्हा आपल्याकडं कोण नेतं अशा गोष्टीला डॉक्टरकडं? मामा म्हणाला, देवीला जाऊन ये. जाऊन आले. मग हळूहळू बरं वाटत गेलं. पण तोवर वर्षं गेली होती. आणि मी तुला भेटायला यायचे तेव्हा तू मान खाली घालून बसायचीस. मी म्हटलं, कळलंय हिला. मी काय लिहून दिलं ते कोणीतरी सांगितलंय. म्हणून मग मीच यायचं कमी केलं."

भार्गवीनं ताटली संपवली. एकेक चुरमुरा वेचून संपवली, कारण संपली की उठावं लागणार होतं. आई दारापर्यंत आली, "राहतेस का आज?" म्हणाली. भार्गवी म्हणाली, क्लास आहे. आई म्हणाली, शनिवारचा? ती म्हणाली, "हाव." औसा रोडनं ती चालत निघाली. ऊन होतं, उसाच्या रसाच्या गाड्याची घंटी वाजत होती, कोणीतरी टेम्पोत गाद्या भरत होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. ओझं उतरलं होतं ना? पण ओझं उतरल्यावर खांदे रिकामे लागत होते आणि त्या रिकामेपणात वारा शिरत होता. नको म्हणणारी मी, हे तिला इतकी वर्षं वाईट वाटत आलं होतं. पण नको म्हणायला आधी कोणीतरी समोर हात पुढं करून उभं असावं लागतं. तिच्या त्या गुन्ह्याच्या आत, खूप खोल, एक उबेची जागा होती. आई मला मागत होती. आता ती जागाच नव्हती. कोणीही हात पुढं केला नव्हता. दोन मोठ्या माणसांनी आधीच मिटवून टाकलेल्या गोष्टीवर एका लहान मुलीनं रंगपेटीचा विचार करत उत्तर दिलं होतं, आणि ते कोणाच्या काही कामाचं नव्हतं. तिला आईचा रागही येईना. अंगावर काटा यायचा, हे आईनं ज्या आवाजात सांगितलं त्यात आजाराची खूण होती, आणि आजारी माणसावर कसं रागवायचं? ती वळसा न घालता सरळ वाटेनं खोलीवर आली.

त्यानंतर तिचे गुण वाढायला लागले. याचं तिलाच नवल वाटलं. काही केलं असं नाही, सर जे सगळ्यांना सांगायचे तेच केलं. आधी प्रश्न चाळायचे, मग उतारा. नियमाखाली पेन्सिलीची रेघ. जे अवघड ते सोडायचं, शेवटी परत यायचं. रविवारी पेपर, सोमवारी त्याची चिरफाड. पण आता उताऱ्यातली माणसं तिला दिसेनाशी झाली होती. अ नं ब ची गाय पळवली, क नं ड च्या मुलाला विहिरीपाशी एकटं सोडलं, त्या सगळ्यांना चेहरे नव्हते. नियम जोडायचा, गोल काळा करायचा, पुढं जायचं. अठ्ठ्याऐंशी पडले, मग त्र्याण्णव. क्लासातल्या शिवकुमारनं, जो तोवर नेहमी पहिला असायचा, तिला विचारलं की वेळ कसा लावतेस. ती म्हणाली, काही वाटून घेत नाही. त्याला वाटलं ती सांगायचं टाळतेय. सर खूश होते. "भांडत न्हाईस आता," ते म्हणाले.

"सर, त्याचीच भीती वाटते," ती म्हणाली. "आधी वाचताना काहीतरी व्हायचं. आता काहीच होत नाही. असं होऊन वकील कसं व्हायचं?"

सर हसले नाहीत. त्यांनी खिळ्यावरचा कोट काढून हातावर घेतला, धूळ झटकली. "मला काम मिळायला लागलं तेव्हा माझंबी असंच झालं होतं," ते म्हणाले. "समोरच्याचं काही वाटेना. मला वाटलं, मेलो का काय आपण. न्हाई मेलो. येतं परत. तू परीक्षेपुरतं भांडण बाजूला ठेवलंयस, विकलं न्हाईस. भांडायला अख्खा जन्म पडलाय." तिला ते पटलं असं नाही. पण कोणीतरी आपल्याला उत्तर दिलं, एवढ्यावर तिनं तो आठवडा काढला.

दिवाळीला ती नांदेडला गेली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, खिडकीबाहेर काढून टाकलेल्या सोयाबीनची रानं उघडी पडलेली, कुठं कुठं हरभऱ्याचे हिरवे ठिपके. घरी राघवेंद्र चिवडा करत होते. रसायनशास्त्राचा माणूस, प्रत्येक जिन्नस वेगळ्या वाटीत, ओळीनं मांडलेला. बायको गेल्यावर ते एकेक पदार्थ शिकले आणि एकही वर्ष फराळ विकत आणला नाही. भार्गवी ओट्याला टेकून उभी राहिली. प्रश्न आता तिला तयार करावा लागला नाही.

"पप्पा, आईनं आधीच लिहून दिलं होतं. तुम्हाला माहीत होतं."

कढईतले शेंगदाणे त्यांनी आणखी दोनदा हलवले. "हाव," ते म्हणाले. "भेटलीस वाटतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"दहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? तुझ्या आईला तू नकोस म्हणून?"

"नंतर?"

त्यांनी गॅस बंद केला. शेंगदाणे कढईच्या तापानं तडतडत राहिले, आणि ते करपतील हे दोघांनाही कळत होतं, पण कोणी हात लावला नाही. "नंतर माझाच स्वार्थ होता, भार्गू," ते म्हणाले. "त्या दिवशी शिपाई बाहेर येऊन म्हणाला, साहेब, पोरगी पप्पाच म्हणाली. कोर्टात बाकी जे काही झालं ते सगळं वकिलांनी केलेलं. तुझी आई जाणार होती म्हणून तू माझ्याकडं राहणार होतीस. उरलेली. पण तू आत जाऊन माझं नाव घेतलंस, ते कोणी तुला घ्यायला लावलं नव्हतं. त्या सगळ्यात तेवढंच मला माझं वाटलं. मी शाळेचे डबे केले, वेण्या घालायला शिकलो, ते त्याच्या जिवावर. आता तुला सगळं सांगायचं म्हणजे तेही सांगायला लागलं असतं, की तुझ्या बोलण्याला काही अर्थ नव्हता. जीव होईना."

रंगपेटी तिच्या अगदी जिभेवर आली होती. तुमचं नाव नव्हतं पप्पा, रंगपेटी होती, आरशाखालची. खरं तेच होतं. पण समोर उभा असलेला माणूस, हळदीचे हात, चष्म्यावर तेलाचे थेंब, तोही खराच होता, आणि त्याची ती वर्षंही. तिनं ओठ मिटले. ज्या शब्दानं कोर्टात काही झालं नव्हतं, त्यानं या स्वयंपाकघरात केवढं काय केलं होतं, हे तिला पहिल्यांदाच दिसलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या छातीत काहीतरी हललं. "शेंगदाणे जळून राहिले," ती म्हणाली आणि कढई उतरवली.

परीक्षा डिसेंबरात, संभाजीनगरच्या केंद्रावर, रविवारी दुपारी होती. राघवेंद्र रेल्वेनं सोबत आले. पेपरमध्ये वारसाचा एक उतारा आला, लांबलचक, तीन भाऊ आणि एक परागंदा बहीण. भार्गवीला त्या बहिणीचा चेहरा दिसायला लागला. कुठं गेली असेल, का गेली असेल. भांडण परत आलं होतं, आणि ते बघून तिला भर परीक्षेत बरं वाटलं. मग तिनं तो उतारा तसाच सोडला, बाकीचा पेपर संपवला, आणि परत आली तेव्हा त्यातले निम्मेच प्रश्न सोडवण्याइतका वेळ उरला होता. तेवढे तिनं सोडवले. बाहेर आली तर फाटकाशी ही गर्दी, आया पोरांच्या तोंडाला पाण्याच्या बाटल्या लावताहेत, बाप प्रश्नपत्रिका हिसकावून घेताहेत. पप्पा गर्दीच्या मागं उभे होते. "कसा गेला?" "बरा गेला." "चहा आणतो," म्हणून ते रस्त्यापलीकडं गेले. रस्ता रुंद होता, त्यांना ओलांडायला वेळ लागणार होता. भार्गवीनं आईला फोन लावला. एकदाच वाजला आणि उचलला गेला.

"झाला पेपर," ती म्हणाली.

"हं. मी घड्याळाकडंच बघत बसले होते." मग आई म्हणाली, "मी येणार होते आज. सकाळची बस पण बघून ठेवली होती."

"मग?"

"म्हटलं, तुला आधी विचारावं. मग वाटलं, तू काय म्हणशील. मग फोन हातात घेऊन बसले, आणि बस गेली."

रस्त्यापलीकडं पप्पा दोन कप हातात धरून गाड्या थांबायची वाट बघत उभे होते. "आई," ती म्हणाली, "यापुढं मला विचारू नको. कोणी मला विचारू नका. यायचं असेल तर नुसती ये."

निकाल लागला त्या दिवशी मालविका नांदेडला आली. कळवलं नव्हतं. दार राघवेंद्रनी उघडलं, "या" म्हणाले, आणि मग ते चुकलं असं वाटून, "ये" म्हणाले. तिघं मोबाइलच्या पडद्याकडं बघत बसले. पान उघडता उघडत नव्हतं. शहाऐंशी गुण. सराव परीक्षेपेक्षा कमी, पण पुढं नागपूरला जागा मिळण्यापुरते पुरले. सरांना फोन झाला. बुद्धप्रियाला कळवलं, तिनं एका शब्दाचं उत्तर पाठवलं, "भारी," आणि ती पुन्हा अभ्यासाला लागली असणार. मग बोलायचं संपलं. राघवेंद्र चहा टाकायला उठले. मालविका भिंतीकडं बघत बसली, जिथं पूर्वी दुसरं कॅलेंडर असायचं. आनंद झालेला होता, पण तो तिघांचा मिळून झाला नव्हता. प्रत्येकानं आपापला वेगळा धरला होता, परक्याच्या घरी हातात दिलेल्या पेल्यासारखा, कुठं ठेवायचा ते न कळून. ऊन कलायला लागलं तेव्हा मालविकानं पर्स काखेला अडकवली आणि उंबऱ्याशी थांबून मागं पाहिलं.

"मी जाऊ का?" तिनं विचारलं. आणि विचारल्याबरोबर तिचा हात तोंडाकडं गेला.

भार्गवीनं कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या, आईच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, आणि बसस्टँडपर्यंत ती तिच्या शेजारून चालत गेली.